वही आणि हलगी: पेठेतल्या फुटबॉल संघानं आकडे कसे वापरावेत

आमच्या संघाच्या मॅचला दोन माणसं कधी चुकत नाहीत. एक हलगीवाला आणि दुसरा मी, वहीवाला. हलगीवाल्याला सगळे चहा पाजतात. मला विचारतात, "काय बे, मॅच बघायला आलास का जनगणनेला?"

हे टोमणे खात खात जे शिकलो ते इथं मांडतोय. वीस-पंचवीस पोरं, मागून आणलेलं मैदान, वर्गणीवर चालणारा खर्च आणि कडेला आरडाओरडा करणारी पेठ, अशा संघांसाठी हा लेख आहे. कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार असे तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे, पिढ्यान् पिढ्यांची ईर्षा आहे. सोलापुरात क्रिकेट आणि कबड्डीतून उरलेली संध्याकाळ फुटबॉलच्या वाट्याला येते. त्यामुळं आपल्याकडं वाया घालवायला एक पोरगा नाही की एक संध्याकाळ नाही. मोजायचं ते एवढ्यासाठीच.

आधी कागद, मग वही

बहुतेक जण उलटं करतात. कुणीतरी लॅपटॉप आणतो, तक्ते करतो आणि पहिल्याच बैठकीत म्हातारी मंडळी उठून जातात. सुरुवात आकड्यांपासून करायचीच नाही. ज्याला आकड्यांनी हात लावायचा नाही, ते आधी लिहून काढायचं.

त्यासाठी एका रविवारी दहा-बारा जण बोलवा. दोन जुने खेळाडू, दोन आत्ताचे, कोच, एखाद्या पोराचे वडील, पैसे देणारा एक जण आणि हो, हलगीवालासुद्धा. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या द्या. चिठ्ठीवर एकच वाक्य पुरं करायचं: "हे बदललं तर मी मॅचला येणार नाही." 'आपली ओळख काय?' असं विचारू नका. त्यावर भाषणं होतात. 'येणार नाही' म्हटलं की माणूस खरं लिहितो.

मग चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिल्यात कधीच न बदलायच्या गोष्टी, दुसऱ्यात सगळ्यांना विचारून बदलायच्या, तिसऱ्यात कोचवर सोडायच्या. आमच्या पहिल्या ढिगात तीन गोष्टी आल्या. जर्सीचा तांबडा रंग. पेठेतल्या पोराला सरावातून हाकलायचं नाही. आणि १२ जानेवारीला, १९३१ साली सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली त्या दिवशी, चार हुतात्मा पुतळ्यापाशी संघ जमायचा. या तिसऱ्या गोष्टीपायी ऐन हंगामातला एक सराव जातो, पाठोपाठ सिद्धेश्वराची गड्डा यात्रा येते आणि अर्धा संघ पाळण्यांत बसलेला असतो. म्हणून आम्ही त्या आठवड्यात जड सराव धरतच नाही. ओळख जपायची म्हणजे तिचे दिवस वेळापत्रकात आधीच टाकून ठेवायचे.

खरं भांडण झालं ते एका चिठ्ठीवरून: "आपण मागं बसून खेळत नाही." तासभर वाद चालला. शेवटी लक्षात आलं की हे सगळं फार वर्षांपूर्वीच्या एका फायनलच्या आठवणीवर चाललंय, आणि त्या फायनलमध्येही आपण पाऊण वेळ मागंच होतो, असं त्यात खेळलेल्या काकांनीच सांगितलं. ती चिठ्ठी तिसऱ्या ढिगात गेली. तिच्यामागची मागणी मात्र आम्ही ठेवली: बॉल गेला की पोरानं परत धावायचं. ते मोजता येतं. मागं बसणं की पुढं जाणं हे कोच बघेल. प्रत्येक संघाच्या ओळखीत निम्मा भाग अशा सवयींचा असतो. तो वेगळा काढण्यात एक रविवार गेला तर जाऊ द्या.

रंगाला बाहेरची माणसं हसतात. त्यांना कार्डिफ सिटीची गोष्ट सांगा. निळ्या जर्सीचा, 'ब्लूबर्ड्स' म्हणवणारा हा वेल्समधला क्लब. २०१२ मध्ये मालकानं रंग लाल केला. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत चढला. म्हणजे लाल रंगात यश आलं, तरी प्रेक्षकांचा राग गेला नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आणावा लागला. उलट बाजूला अॅथलेटिक बिल्बाओ. शंभरहून जास्त वर्षं हा क्लब फक्त बास्क प्रांताशी नातं असलेलेच खेळाडू घेतोय आणि स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली आलेला नाही. २०२४ मध्ये ४० वर्षांनी कोपा देल रे हा स्पेनचा चषक जिंकला. निवड करायला माणसं थोडीच असली की एकेकाला नीट पारखावं लागतं, आणि पारखायला आकडे कामाला येतात.

आमच्याकडं एका दात्यानं पूर्ण संघाचे कपडे द्यायची तयारी दाखवली. अट एकच, रंग त्यांच्या मालाच्या पाकिटाचा. कागद तयार होता म्हणून उत्तराला दोन मिनिटं लागली: पाठीवर नाव मोठं घालू, रंग तांबडाच राहील. त्यांनी निम्मेच पैसे दिले. उरलेले निम्मे आम्ही जमाखर्चात 'रंगापायी सोडले' म्हणून लिहिले. हे तुम्हीही करा. ओळखीपायी काय सोडलं ते खात्यावर दिसलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणतं, रंगाचं काय एवढं.

वहीत काय लिहायचं

पहिल्या पाच मॅचना फक्त शॉट लिहा. आपले आणि समोरच्यांचे. बाकी काही नाही.

उघड्या वहीच्या एका पानावर अर्ध्या मैदानाचं चित्र काढा: गोल, पेनल्टी एरिया, पेनल्टीचा ठिपका. शॉट जिथून मारला तिथं जर्सीचा नंबर. गोल झाला तर नंबराभोवती वर्तुळ. हेडर असेल तर खाली रेघ. शेजारी एक अक्षर, बॉल कसा आला त्याचं: कॉर्नरवरून 'क', फ्री किकवरून 'फ', थ्रोवरून 'थ', चालू खेळातून 'च'. समोरच्या संघासाठी दुसरं पान. माणसं दोन लागतात, एक बघून बोलणारा आणि एक लिहिणारा. एकटा माणूस लिहायला मान खाली घालतो आणि नेमका तेव्हाच गोल होतो.

मैदानावर खुणा नसतात ही आपली नेहमीची अडचण. मॅचआधी फक्की मारताना पेनल्टी एरियाची रेघ गोलपासून साडेसोळा मीटरवर आणि ठिपका ११ मीटरवर टेपनं मोजूनच मारा. पावलांनी मोजलं की दर रविवारी मैदान लहान-मोठं होतं आणि वहीतली चित्रं एकमेकांना जुळत नाहीत.

पास मोजू नका. कोण किती किलोमीटर धावला तेही नको. हातानं ते नीट होत नाही, आणि झालं तरी त्यावरून तुम्ही काय बदलणार? वहीत नवा रकाना घालायच्या आधी एवढंच विचारा: हा आकडा वाईट आला तर मंगळवारच्या सरावात आपण काय वेगळं करू? उत्तर सुचलं नाही तर रकाना नको. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा असेल तर जमिनीवरून काढू नका. शेजारच्या गच्चीवरून काढा आणि पूर्ण मैदान आत बसवा. आमच्या पहिल्या तीन व्हिडिओंत बॉलपेक्षा पुढच्या काकांची टोपीच जास्त दिसते.

आकडा वाचताना

वही भरणं सोपं, ती वाचताना लोक फसतात. फुटबॉलमध्ये हे पहिल्यांदा फार मोठ्या प्रमाणावर घडलं ते चार्ल्स रीपच्या बाबतीत. ब्रिटिश हवाई दलातला हा हिशेबनीस १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउनची मॅच बघत होता. वैतागून त्यानं वही काढली आणि पुढं अनेक वर्षं शेकडो मॅचची टिपणं ठेवली. त्याला दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात. त्यावरून त्यानं ठरवलं, बॉल लांब पुढं भिरकावणं उत्तम. इंग्लंडमधल्या कित्येक कोचनी ते डोळे मिटून घेतलं.

चूक कुठं झाली? मुळात खेळातल्या बहुतेक चालीच तीन पासांच्या आत संपतात. मग गोलही त्यातूनच जास्त दिसणार. सोलापुरात रस्त्यावर दुचाकी जास्त म्हणून अपघातांत दुचाकी जास्त दिसतात, तसंच हे. किती गोल झाले यासोबत किती प्रयत्नांतून झाले, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

दुसरा सापळा नशिबाचा. व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारण दहा शॉटमागं एक गोल होतो. पेनल्टी चारातल्या तीन आत जातात आणि पेनल्टी एरियाच्या बाहेरून मारलेले शंभरातले तीन-चार. जागेनुसार शॉटला अशी किंमत देणं, त्यालाच 'एक्सपेक्टेड गोल' म्हणतात. त्या नावाला घाबरायचं कारण नाही. आता हिशेब बघा. समजा तुम्ही १२ शॉट मारले आणि प्रत्येकाची गोल होण्याची शक्यता दहात एक आहे. तर बाराही फुकट जाण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे सुमारे २८ टक्के. याचा अर्थ, चांगलं खेळूनही चारातल्या एका मॅचला तुम्ही कोरडे राहणार. त्या संध्याकाळी पेठ म्हणणार, फॉरवर्ड बदला. म्हणून आमचा नियम: पाच मॅचची पानं एकत्र ठेवल्याशिवाय कुणाबद्दल काही बोलायचं नाही. पाचही कमीच आहेत खरं तर, पण पेठेचा धीर त्यापुढं जात नाही.

पाच पानं शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आमच्या पानांवर नंबरांची गर्दी पेनल्टी एरियाच्या बाहेर होती. लांबून मारलेल्या शॉटला टाळ्या पडतात आणि हलगी वाजते, म्हणून पोरं लांबून मारतात. सरावात आम्ही एवढंच केलं: रेघेबाहेरून मारलेला गोल एक गुण, आतला तीन गुण. भाषण दिलं नाही. हळूहळू नंबर आत सरकले.

कॉर्नर आणि थ्रोपासून सुरुवात

आकड्यांवर पेठेचा विश्वास बसवायचा असेल तर थांबलेल्या बॉलपासून सुरुवात करा. मोठ्या स्पर्धांत पाव ते एक तृतीयांश गोल कॉर्नर, फ्री किक, थ्रो यांतून येतात, आणि त्यासाठी महागडा खेळाडू लागत नाही, पाठांतर लागतं. लंडनच्या ब्रेंटफर्डनं यावर फार भर दिला. त्याचा मालक मॅथ्यू बेनम लहानपणापासून त्याच क्लबचा चाहता, आणि धंदा आकडेशास्त्रावर चालणाऱ्या बेटिंगचा. २०१२ मध्ये क्लब त्याच्या हातात आला आणि २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत पोचला. त्याच बेनमनं २०१४ मध्ये विकत घेतलेला डेन्मार्कचा मिटयुलँड पुढच्याच वर्षी पहिल्यांदा विजेता झाला. लिव्हरपूलनं तर २०१८ मध्ये फक्त थ्रो शिकवायला एक प्रशिक्षक नेमला होता.

आपल्याला एवढं करायचं नाही. दोन कॉर्नर पाठ करा. एक जवळच्या खांबाशी, एक लांबच्या. कोण कुठं धावणार ते नंबरासकट लिहा. दर बुधवारी २० मिनिटं तेवढंच. वहीत प्रत्येक कॉर्नरपुढं फक्त लिहा: आपल्या पोराचा बॉलला पहिला स्पर्श झाला का, हो की नाही. गोल मोजू नका, ते कधीतरीच होतात. पहिला स्पर्श दर मॅचला मोजता येतो.

पोरांचे आकडे, आणि एक रात्रपाळी

इथं सावकाश चला, कारण इथं आकडा माणसाला लागतो.

दोन गोष्टी ठेवा. एक, हजेरी. दुसरी, मेहनत. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारा, आज किती दमलास, एक ते दहा? त्याला मिनिटांनी गुणा. ६० मिनिटं आणि उत्तर ७, म्हणजे ४२०. मॅचची ९० मिनिटं आणि ८, म्हणजे ७२०. आठवड्याची बेरीज करा. मागच्या तीन-चार आठवड्यांच्या सरासरीच्या ती दीडपट झाली तर त्या पोराला एक दिवस हलका द्या. हा काही दगडावरचा नियम नाही, पण जांघ धरून बसणारी पोरं आमच्याकडं कमी झाली. उन्हाळ्यात वजनकाटाही आणा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोच्या पोराचं १.२ किलो, म्हणजे दोन टक्के घटलं तर तो पाणी कमी पितोय. मॅचमध्ये ३० व्या आणि ७५ व्या मिनिटाला पाण्यासाठी तीन मिनिटं थांबायचं हे दोन्ही कप्तानांनी नाणेफेकीलाच ठरवून घ्यावं.

आता ती रात्रपाळी. आमचा एक मिडफिल्डर साठाव्या मिनिटानंतर चालायला लागायचा. कडेवरून तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी अशा चारही भाषांत एकच निघायचं: आळशी झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "ह्याला बसवा बे, मन नाही ह्याचं." मी पानं उलटली. तो बॉल गेल्यावर परत धावतो की नाही, याच्या खुणा आमच्याकडं होत्या. काही रविवारी शेवटपर्यंत धावलेला, काही रविवारी अजिबात नाही. मधलं काही नाही. हजेरीच्या पानाशी लावून बघितलं तर पडलेले सगळे रविवार शुक्रवारी सराव चुकलेल्या आठवड्यांतले. विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, त्या आठवड्यांत यंत्रमागावर रात्रपाळी असते. सकाळी सातला सुटतो, घरी दोन तास पडतो आणि मैदानावर येतो. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर बसवतील.

तेव्हापासून रात्रपाळीच्या रविवारी तो शेवटचा अर्धा तास खेळतो, बाकीच्या रविवारी पूर्ण मॅच. कारखान्यात पाळी बदलून मिळते का हे बघायला तेच ज्येष्ठ स्वतः गेले. पोराच्या बाजूनं साक्ष वहीनं दिली होती. पण वहीला रात्रपाळी ठाऊक नव्हती. विचारावं लागलं, आणि ज्याला पोरगा खरं सांगेल अशाच माणसानं विचारावं लागलं.

एका पोराचा आकडा कधीही ग्रुपवर टाकू नका. संघाचे आकडे सगळ्यांना, पोराचे फक्त त्याला आणि कोचला. एकदा आमच्याकडून हजेरीचा तक्ता चुकून ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला. पुन्हा ती चूक केली नाही.

बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर कागद काढा, ढीग बघा. आम्ही अकरात तीनपेक्षा जास्त बाहेरचे नको असं ठरवलंय. तीनच घ्यायचे तर कुठल्या जागेवर घ्यायचे, हे शॉटची पानं सांगतात, मामाच्या ओळखी नाहीत.

कट्ट्यावर सांगायचं कसं

निर्णय बरोबर असून सांगायला उशीर झाला तरी तो चुकल्यासारखाच वाटतो. ब्रेंटफर्डसारख्या क्लबनंही हे भोगलं. २०१५ मध्ये संघ चांगला खेळत असताना कोच जाणार ही बातमी आधी वर्तमानपत्रांत फुटली, प्रेक्षक संतापले, आणि नंतर आणलेला कोच काही महिन्यांतच गेला. आपल्याकडं कोलकात्याच्या मोहन बागानचं घ्या. १९११ मध्ये जवळजवळ सगळे अनवाणी खेळून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेला संघ. २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबशी विलीन होताना नावापुढं 'एटीके' लागलं. पैसा आला, तयारी सुधारली, २०२३ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगही जिंकली, पण ती तीन अक्षरं काढा ही मागणी काही थांबली नाही. जिंकल्यावर ती काढलीच.

जर्मनीत बहुतेक क्लबांत ५० टक्के अधिक एक मत सभासदांकडं राहावं असा नियम आहे. आपल्या मंडळात एवढं कायदेशीर नको, पण पहिल्या ढिगातली गोष्ट बदलायची तर सगळ्यांना बोलवून हात वर करून घ्या आणि वहीत लिहा. दुसऱ्या ढिगासाठी बैठक पुरे. तिसऱ्यासाठी कोचला कुणी काही विचारायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

कट्ट्यावर बोलताना टक्के सांगू नका. "आपली कार्यक्षमता घसरली" म्हटलं की माणसं चहाकडं वळतात. "मागच्या पाच मॅचमध्ये आपण बाहेरून किती मारले? आत किती गेले? बघा," म्हणत पान पुढं करा. चित्र सगळ्या भाषांत कळतं. आणि निदान एक पान असं ठेवा ज्यात आकडा जुन्या माणसाचंच खरं ठरवतो. आमच्या काकांचं म्हणणं होतं की आपले थ्रो वाया जातात. पाच पानांत 'थ' अक्षर एकदाच सापडलं. त्या दिवसापासून काका वही मागून बघतात.

हलगीवाल्याला तर कामालाच लावलाय. कॉर्नर मिळाला की तो बघतो मी कुठलं बोट वर करतो. एक बोट असेल तर सलग ठेका, म्हणजे जवळचा खांब. दोन बोटं असतील तर तुटक ठेका, म्हणजे लांबचा. पोरं मान न वळवता धावायला लागतात. मागच्या रविवारी समोरच्या गोलीनं तुटक ठेका ओळखला आणि दोन पावलं आधीच सरकून बॉल उचलला. तेव्हा नवा ठेका बसवायचाय. बुधवारी संध्याकाळी सहाला, कॉर्नरच्या सरावाआधी.